थोरले जावई आणि चिकटलेला क्लच

गिऱ्हाइकाने गाडी आणून उभी केली की पक्कड आधी डाव्या पायातला बूट काढायचा. नव्या माणसाला वाटायचं, हा आता गाडीतच आडवा होऊन झोपतोय की काय. बूट बाजूला ठेवून, अंगठ्याशी भोक पडलेल्या मोज्यानेच तो क्लचचं पेडल दाबायचा. एकदा हळू, एकदा जोरात, मग डोळे मिटून परत एकदा. आणि सांगायचा, "प्लेट संपली," किंवा "प्लेटीला धाड भरलेली नाही, नुसती तार ताणलीय, उगाच खोलायला लावू नका." बूट घालून कळत नाही का, असं कोणी विचारलंच तर म्हणायचा, "बूट दुकानातला आहे. पाय माझा आहे." नेहमी डावाच मोजा का फाटतो याचं त्याच्या बायकोला लग्नाच्या पहिल्या वर्षी आश्चर्य वाटलं होतं. नंतर ती मुकाट्याने रफू करू लागली.

पक्कड हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे, ते गॅरेजांच्या गल्लीने ठेवलं. गंजलेला नट त्याने एकदा धरला की सुटेपर्यंत त्याचा हात हटत नसे, ही त्या नावाची एक बाजू. दुसरी बाजू त्याच्या बायकोला विचारावी. मनाने धरलेली गोष्टही तो सोडत नसे. समोरच्या टायरवाल्याने कधीकाळी त्याला नोकर समजून "ए, इकडे ये" अशी हाक मारली होती. टायरवाला म्हातारा झाला, दुकान मुलाच्या हाती गेलं, तरी पक्कड हवा भरायला दोन गल्ल्या पलीकडे जात असे.

पण या सगळ्यांत त्याने घट्ट धरलेली गोष्ट होती एक शब्द. दोन अक्षरांचा. 'अरे'.

त्याचं असं झालं होतं. पक्कडच्या सासऱ्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस हसरा, बडबड्या, दुकानात आलेल्या आजोबांनाही "अरे मित्रा, खालची ओळ वाच बघू" म्हणणारा. पण थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या दिवशी त्यांनी पक्कडला जे "अहो जावईबापू" म्हटलं, ते कायमचं. "अहो जावईबापू, बसा." "अहो जावईबापू, चहा घ्या." पक्कडला पहिल्यांदा बरं वाटलं. मान कोणाला नको असतो? मग काही वर्षांनी धाकट्या मुलीचं लग्न झालं, आणि नवा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सासरे दारातूनच ओरडले, "अरे, ये ये! चप्पल कुठे काढतोस, तशीच घेऊन ये आत!"

तेव्हापासून पक्कडच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही.

धाकटा जावई एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस विभागात होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात ओळखपत्र. पक्कड त्याला मागे 'शोरूम' म्हणायचा. तोंडावर काहीच म्हणत नसे, कारण साडूला काय म्हणावं हेच त्याला कधी ठरवता आलं नाही. शोरूम तसा वाईट नव्हता, आणि हेच पक्कडला जास्त खुपायचं. वाईट माणसाचा हेवा मुद्दाम करावा लागतो, चांगल्या माणसाचा आपोआप होतो. शोरूम सासूबाईंना भाजी निवडून द्यायचा, सासऱ्यांशी पत्ते खेळून हरायचा, आणि पक्कड दिसला की उठून खुर्ची द्यायचा. पक्कड त्या खुर्चीवर बसायचा आणि खुर्ची त्याला टोचायची.

"कानामागून आला आणि तिखट झाला," तो घरी येऊन म्हणायचा.

"अहो, बाबा तुम्हाला मान देतात," बायको म्हणायची.

"मान पाहुण्याला देतात. घरच्या माणसाला अरे-तुरे करतात. इतकी वर्षं झाली, मी अजून त्या घरात पाहुणाच आहे."

बायको नाक उडवून हुंगल्यासारखं करायची. "जळकी प्लेट आली वाटतं कुठेतरी. केवढा वास सुटलाय!"

आता यातली गाडी सांगायला हवी. सासऱ्यांकडे एक दोन सिटांची स्पोर्ट्‌स कार होती. बाटलीसारखा हिरवा रंग, लांब नाक, जमिनीला पोट लावून चालणारी. दुकान जरा बरं चालायला लागल्यावर त्यांनी ती एका परदेशी निघालेल्या माणसाकडून जुनीच घेतली. सासूबाईंनी त्या वर्षी घराला खालच्या मजल्यावर एक खोली वाढवायची म्हटलं होतं. खोलीऐवजी शेड आली आणि शेडमध्ये गाडी आली. घरात माणसं चार आणि गाडीत सिटं दोन, हा हिशेब सासूबाईंनी नवऱ्याला पुढे जन्मभर ऐकवला. पण रविवारी संध्याकाळी त्याच गाडीत, डोक्याला रुमाल बांधून, त्याच नवऱ्याच्या शेजारी बसायच्या.

त्या गाडीला हात लावायचा तो फक्त पक्कडने. क्लच त्यानेच बसवलेला, त्यानेच दोनदा बदललेला. त्या घरात पक्कडचं स्वतःचं असं काही असेल तर ते त्या गाडीच्या पोटात होतं. पुढे सासऱ्यांचे गुडघे गेले. डाव्या पायाने पेडल दाबेना, तशी एके दिवशी त्यांनी गाडी शेडमध्ये लावली आणि म्हणाले, "अहो जावईबापू, आता हिला झोपवा."

गाडी झोपवायचीही एक रीत असते. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातला मध्यस्थ. पेडल सोडलेलं असतं तेव्हा त्याची प्लेट इंजिनाच्या चाकाला गच्च दाबून बसलेली असते, दाबलं की सुटते. गाडी ओलीच्या जागी नुसती उभी राहिली तर ती प्लेट गंजून तिथेच चिकटते. मग पेडल दाबा नाही तर उभे राहून नाचा, ती सुटत नाही आणि गिअर पडत नाही. म्हणून पक्कडने झाडूच्या दांड्याची एक काठी कापली, टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, आणि पेडल दाबून काठी पेडल आणि सीट यांच्यामध्ये अशी ठोकून बसवली की प्लेट सुटलेलीच राहील. माप इतकं नेमकं की काठी दुसऱ्या गाडीला लागली नसती. "ही काढू नका," तो सासऱ्यांना म्हणाला. "हिच्यावर सगळं आहे."

"नाही काढत, जावईबापू," सासरे म्हणाले.

हे झाल्याला काही वर्षं लोटली. एके दिवशी पक्कडची बायको माहेरहून आली ती पिशवी ठेवायच्या आतच बोलू लागली. सासरे जिन्यात घसरले होते. थोडक्यावर निभावलं, पण सासूबाईंनी आता हट्टच धरला होता: गाडी विकायची, शेडची खोली करायची आणि नवऱ्याची खाट खाली आणायची. जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक माणूस येऊन गाडी बघून गेला होता. घेतो म्हणाला, पण अट एकच, गाडी आपल्या पायांनी रस्त्यावर आली पाहिजे. ओढून न्यायची असेल तर नको.

"मग कधी येऊ म्हणाले?" पक्कडने विचारलं. त्याचा हात तोवर हत्यारांच्या पेटीकडे गेलासुद्धा होता.

बायको पिशवीतली फळं काढू लागली. "बाबांनी धाकट्याला बोलावलंय," ती फळांना म्हणाली. "तो येतो दर रविवारी."

पक्कडच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या क्लचला त्याने आपल्या हाताने जन्म दिला होता, तो क्लच तपासायला शोरूम! तो शोरूम, ज्याच्याकडे संगणक जोडल्याशिवाय गाडीला खोकला झालेला कळत नाही! आणि हे सगळं चाललंय दर रविवारी, आणि थोरल्या जावयाला कोणी चकार शब्दाने सांगितलं नाही. "पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हे," तो म्हणाला. "सगळं गाव क्लच घेऊन माझ्याकडे येतं. सासरा सोडून." दुसऱ्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाची चांगली प्लेट बदलायला काढली होती, डबा घेऊन आलेल्या बायकोने बूट काढायची आठवण करून दिली म्हणून ती वाचली.

पुढच्या रविवारी तो सासुरवाडीला "इथून जात होतो म्हणून" गेला. ते घर कुठल्याच वाटेवर नव्हतं.

शेडचं दार उघडं होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. शोरूम बॉनेटखाली वाकलेला, बाह्या वर सारलेल्या. सासरे जिना उतरून आलेले, आणि गाडीत, स्टिअरिंगमागे आरामात रेललेले. "अरे, तू तर अगदीच ढ आहेस!" ते शोरूमला म्हणत होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होते. पक्कड दारात उभा राहिला आणि हसणं थांबलं. बंद करायचा नळ चटकन बंद करावा तसं थांबलं.

"अहो जावईबापू, या," सासरे सावरून बसले. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? वर जा, चहा घ्या."

"दादा, या," शोरूमने खुर्ची पुढे केली.

पक्कड बसला नाही. "काय झालंय?"

"गिअर पडत नाही," शोरूम म्हणाला. "इंजिन छान चालू होतं. पण पेडल दाबून गिअर टाकायला गेलं की खरखरतं, रिव्हर्स तर हातच लावू देत नाही. क्लचचं ऑइल जुनं झालेलं, ते ढकलणाऱ्या सिलिंडरची रबरं गेली असणार. सिलिंडर मागवलाय. जुन्या गाडीचा भाग, यायला वेळ लागेल."

पक्कडने गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर हवेने टणक. पेट्रोल ताजं. ब्रेक नव्याने बांधलेले, आणि चांगले बांधलेले, हे त्याला नाइलाजाने कबूल करावं लागलं. उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं तिथे नीट टेप गुंडाळलेली. सगळं झालं होतं, फक्त क्लच सोडून. आणि पक्कडचं डोकं ठिकाणावर असतं तर एवढ्यावरूनच त्याला काहीतरी वाटायला हवं होतं. पण जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हातून झालेलं चांगलं काम दिसत नाही, राहिलेलं तेवढं दिसतं. 'सोपं सोपं केलंन आणि खऱ्या कामाशी येऊन अडला,' असं तो मनात म्हणाला, आणि जरा गार पडला.

मग त्याची नजर भिंतीकडे गेली. खिळ्याला ती काठी टांगलेली होती. टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर, वर धुळीचा थर.

"ही कोणी काढली?" त्याने विचारलं.

सासरे चष्मा पुसू लागले. "पडली असेल हो."

पडलेली काठी खिळ्याला आपण होऊन लटकत नाही. पक्कडने शोरूमकडे पाहिलं. शोरूम पाना शोधायला लागला, पाना त्याच्या हातातच होता. पक्कडला एवढंच कळलं की त्याने मापून कापलेली, 'हिच्यावर सगळं आहे' म्हणून सांगितलेली काठी या घराने काढून भिंतीला लावली, आणि आता त्याच घरात दुसऱ्याला 'अरे' म्हणून हसणं चाललंय. तो बूट न काढताच, नुसता खाली वाकला आणि शोरूमला म्हणाला, "दाब जरा."

शोरूमने उघड्या दारातून हात घालून पेडल दाबलं. गाडीखाली, क्लचच्या काट्याला ढकलणारा दांडा पूर्ण, जितका सरकायला हवा तितका सरकला. म्हणजे ऑइल बरोबर, सिलिंडर बरोबर, रबरं बरोबर. पाय ढकलत होता, दांडा ढकलत होता, काटा ढकलत होता. फक्त आतली प्लेट सोडत नव्हती. चिकटली होती. आंधळ्यालाही कळलं असतं.

पक्कड उठला, गुडघ्यांची धूळ झटकली. आणि काही बोलला नाही. का बोलला नाही? कारण तिथे सांगितलं असतं तर शोरूमने "अरे हो!" म्हटलं असतं, दोघांनी मिळून सोडवला असता आणि सासऱ्यांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला असता. अर्धी शाबासकी पक्कडला नको होती.

"येऊ द्या सिलिंडर," तो म्हणाला. "बघू."

फाटकाशी सासूबाई भेटल्या. त्यांचे हात धुतलेले, पण पुसायचे राहिलेले. "जावईबापू, किती रविवार गेले. तो पोरगा येतो, दोघं हसतात, गाडी काही हलत नाही. परवा पुन्हा जिन्यात तोल गेला त्यांचा. वरच्या पायरीवर उभी असते मी, श्वास रोखून." मग आवाज खाली आणला. "तुमच्याने नाही का होणार?"

एवढंच हवं होतं. "माझ्याने होईल," पक्कड म्हणाला. "पण मला एकट्याला करू द्या. बाबांना आत्ताच काही सांगू नका. चकित होऊ देत."

मंगळवारी दुपारी सासरे जेवून पडलेले असताना सासूबाईंनी त्याला किल्ली दिली. पक्कडने गॅरेज बंद ठेवलं होतं. बायकोला सांगितलं होतं, बाहेरचं काम आहे. बायकोने त्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही मोजे नवे होते. "कोणाच्या लग्नाला निघालात?" तिने विचारलं.

शेडची दारं त्याने पूर्ण उघडली. फाटक उघडायला लावलं. समोरची गल्ली सरळ, टोकाला रिकामं मैदान. सासूबाईंना सांगितलं, बाहेर उभ्या राहा, कोणी आडवं येतंय का बघा. मग डाव्या पायातला बूट काढून शेजारच्या सिटावर ठेवला आणि गाडीत बसला. इंजिन चालू करून ते गरम होऊ दिलं. अंगात ऊब आली की गंजाचाही हट्ट जरा मऊ होतो. मग इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला. थांबलेल्या इंजिनावर तो गपकन पडला. आता पेडल तळाशी दाबलं आणि किल्ली फिरवली.

क्लच धड असता तर गाडी जागच्या जागी चालू झाली असती. ती चालू झाली आणि तशीच, पेडल दाबलेलं असूनही, गचका देऊन शेडबाहेर निघाली. पक्कडच्या तोंडून हसू फुटलं. फाटकातून, सासूबाईंच्या समोरून, गल्लीत. डावा पाय तळाशी गाडलेला. उजवा पाय पेट्रोलवर, दाब, सोड, दाब, सोड. गाडी नांगराला जुंपलेल्या खोंडासारखी हिसके देत पुढे. "सोड," तो प्लेटीला म्हणत होता, "सोड, बयो, सोड." मोज्याखालून त्याला ती कळत होती. अजून नाही. अजून नाही. पेट्रोलवरचा पाय काढून त्याने ब्रेकवर मारला, आणि गाडीच्या पोटातून 'खाट्' असा एक आवाज आला.

इंजिन मोकळं होऊन गुणगुणू लागलं. गाडी नुसती घरंगळत राहिली. पक्कडने गिअर काढला, दुसरा टाकला, परत पहिला, आणि मग मैदानाच्या तोंडाशी थांबून रिव्हर्स. रिव्हर्स हूं की चूं न करता पडला.

इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. तो गाडी घेऊन परत आला तो हॉर्न वाजवतच. सासूबाई फाटकाशी दोन्ही हात तोंडावर धरून उभ्या, डोळे भरलेले. "झाली खोली," त्या म्हणत होत्या, "झाली हो त्यांची खोली," आणि लगेच गाडी घेणाऱ्याला फोन करायला आत पळाल्यासुद्धा. पक्कडने वर पाहिलं. माडीच्या खिडकीत सासरे उभे होते, गजाला धरून. पक्कडने गाडीतून हात हलवला. एका पायात बूट नाही, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर तेज असं की पाहणाऱ्याने दृष्ट काढावी. सासरे खिडकीतून मागे सरले.

'येतायत,' पक्कडला वाटलं. 'धावत येतायत.'

ते धावत येणं शक्य नव्हतं. एकेक पायरी उतरत, मध्ये थांबत, ते खाली आले. पक्कड पुढे झाला नाही, कारण त्याला ते शब्द गाडीपाशी उभं राहून ऐकायचे होते. सासरे आले. त्यांनी गाडीच्या लांब नाकावर हात ठेवला, तो गरम होता. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले,

"अरे... अरे, काय केलंस तू हे?"

पक्कडने तो शब्द ऐकला. कानांनी ऐकला तेव्हा काळजात कारंजं उडालं, आणि पुढच्याच क्षणी सासऱ्यांचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चष्म्याच्या दुकानाला कायमचं टाळं लावलं त्या दिवशी होता, तो चेहरा होता.

"मला बोलावलं नाहीत," पक्कड म्हणाला. "त्याला बोलावलंत."

"तुला कसा बोलावू? तुला बोलावलं असतं तर गाडी चालू झाली असती!"

पक्कडला कळायला जरा वेळ लागला. सासरे दाराच्या कडेला धरून गाडीत बसले, स्टिअरिंगमागे, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बोलू लागले. दोन वर्षांपूर्वी विकायचा विषय पहिल्यांदा निघाला त्याच आठवड्यात त्यांनी ती काठी काढली होती. आपल्या हातांनी काढली, खिळ्याला लावली, आणि ओलीला तिचं काम करू दिलं. घरातल्या बाईला नाही म्हणता येईना. ती त्यांच्यासाठीच खोली मागत होती, तिच्याशी भांडायचं कसं? पण न चालणारी गाडी कोणी घेणार नाही, आणि कोणी घेतली नाही की दुपारी खाली येऊन तासभर इथे बसता येतं.

"तूच सांगितलं होतंस ना, हिच्यावर सगळं आहे. मी लक्षात ठेवलं होतं."

"आणि तो?" पक्कडने विचारलं. "त्याला..."

"त्याला पहिल्याच रविवारी समजलं. चिकटलाय म्हणाला. म्हटलं, बाळा, राहू दे चिकटलेला. हो म्हणाला. सिलिंडर मागवलाच नाही रे त्याने."

हे ऐकून पक्कडला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? गाडी जाणार याचं वाईट? छे. त्याला वाटलं, शोरूमला सांगितलं. गुपित त्याला सांगितलं. माणसाचं मन इतकं कोतं असतं की घर जळत असताना शेजाऱ्याच्या घराचा उजेड आपल्यापेक्षा जास्त आहे का ते बघतं.

"मला सांगितलं असतं तर," तो म्हणाला, "मी काय ऐकलं नसतं?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा नसताना माणूस बघतो तसं. "खरं सांग," ते म्हणाले. "चिकटलेला क्लच समोर, आणि तू हात खिशात घालून बसला असतास?"

पक्कड बॉनेटकडे वळला. मग म्हणाला, "क्लचच्या ऑइलचा पाइप ढिला करून ठेवतो. आत्ता. उद्या तो माणूस आला की गिअर पडणार नाही."

"नको. तिने पाहिलंय." आतून सासूबाईंचा फोनवरचा आवाज येत होता, हसरा, मोठा, कितीतरी दिवसांत नव्हता असा. "बघ, कशी बोलतेय. आता तिच्या तोंडचा घास काढायचा नाही."

परत चिकटवता आला असता तर पक्कडने तेही केलं असतं. पण क्लच सोडवणं एका दुपारचं काम आहे, चिकटायला वर्षं लागतात.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. तिने हातातलं रफूचं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण," आणि उठून त्याच्यासाठी चहा ठेवला, कारण तिला तो रडताना बघवेना.

शौकीन माणूस आला. गाडी आपल्या पायांनी रस्त्यावर आली, कोपऱ्यावर वळली आणि गेली. सासरे माडीच्या खिडकीत आले नाहीत. शोरूम त्या दिवशी रजा टाकून आला होता, आणि वर, दार लोटून, त्यांच्याशी पत्ते खेळत बसला होता. पक्कड खाली मोकळ्या शेडमध्ये उभा राहून जमिनीवरचा तेलाचा डाग बघत होता. वरून हसण्याचा आवाज येत नव्हता, पण पत्ते वाटल्याचा येत होता.

खोली छान झाली. डाग होता तिथे खाट आली. नवी खिडकी जरा वाऱ्याने आपटते, म्हणून ती उघडी धरायला सासूबाईंनी कुठूनशी एक काठी लावली आहे. टोकाला रबर असल्यामुळे ती सरकत नाही, माप थोडं कमी पडतं एवढंच.

परवा पक्कड तिथे गेला. शोरूम आधीच आलेला होता. "अरे, दादाला खुर्ची दे," सासरे शोरूमला म्हणाले, आणि मग पक्कडकडे वळून, उशीला टेकून नीट बसत, अगदी प्रेमाने म्हणाले, "अहो जावईबापू, या. बसा."